बिजागरीएवढं हाड

बाबा, आज मी यंत्राच्या करवतीने हाड कापलं. तुम्हाला आवडलं नसतं, हे ठाऊक होतं.

मिरकरवाड्यातली मासे विकणारी बाई, पाय गुडघ्यात बाहेर वाकलेला. गुडघ्याखाली नडगीचं हाड एका बाजूने कापायचं, पलीकडे बोटभर हाड बिजागरीसारखं राखायचं आणि फट हळूहळू उघडून पाय सरळ करायचा. ती बिजागरी तुटली तर पाय डुगडुगतो, आणि हिला तर उभ्याने धंदा करायचाय. टेबलावर घेतल्यावर तिने विचारलं, "बाय, पाय सरळ झाला तर गिऱ्हाईक ओळखील ना मला?" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

मला आपली मागची पडवी आठवत होती. दवाखान्यातून येऊन तुम्ही माझ्या हातात नारळाची करवंटी देता, हाडं कापायची तुमची जुनी छिन्नी देता. हलके ठोके, आवाज बदलला की थांबायचं. करवंट्या न्हाणीच्या चुलीला लागतात, ऑपरेशनला नाहीत, असं आई आतून ऐकवते. मी एक ठोका जास्त मारते आणि करवंटी आरपार तडकते. तुम्ही रागावत नाही. "करवंटी होती म्हणून बरं," एवढंच म्हणता आणि दुसरी पुढे करता.

करवतीने हाड भाजतं, भाजलेलं हाड उशिरा जुळतं, असं तुम्ही म्हणायचात. खरंच आहे ते. म्हणून आम्ही पात्यावर सलाईनची धार धरतो, थांबत थांबत कापतो. पण छिन्नीची चीर कधी कधी भलतीकडेच धावते, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. किती दिवस मी दोन्ही पद्धती तोलत होते. मी ज्याला विचार म्हणते ती नुसती तुमच्यावरची माया तर नाही, या भीतीने मला झोप लागेना. शेवटी करवत घेतली. काप सरळ आला. बिजागरीजवळ आल्यावर मात्र थांबले आणि छिन्नी मागितली. हलके ठोके दिले. आवाज बदलला. फट उघडली, बिजागरी टिकली.

ऑपरेशनला सोबत असलेल्या सरांनी नंतर विचारलं, शेवटी छिन्नी का? शेवटच्या भागात हात ताब्यात राहतो म्हणून, असं मी सांगितलं. ते खोटं नाही, बरेच जण तसंच करतात. पण हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. करवत चालू असताना दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं, बाबा, आणि मला थोडा वेळ पडवीत बसायचं होतं.