काप्पाने वाकलंच पाहिजे

३ ऑगस्ट, रविवार
मंडळाची मीटिंग. अध्यक्ष विश्वजित. वय पंचवीस, दाढी पन्नाशीची. म्हणाला, "काका, यंदा देखाव्याला बक्षीस आलं न्हाई तर पुढच्या गणपतीला फलटणच्या पार्टीकडनं भाड्यानं आणायचा. हलत्या मूर्ती, एलईडी, धूर, सगळं त्येंचं."
रहिमतपुरातल्या ह्या मंडळाचा देखावा ते पोर रांगत होतं तेव्हापासून मी करतो. आर्ट स्कूलमध्ये कधी पाय ठेवला नाही, त्यामुळे हात बिघडलेला नाही. शांतपणे सांगितलं, विषय तयार आहे.
विषय तयार नव्हता.

४ ऑगस्ट
विषय तयार.
पोरांना कॉमिक्समधले सुपरहिरो हवेत. हरकत नाही. पण अमेरिकन सुपरहिरो म्हणजे चड्डी वरून घातलेली माणसं. त्यांना ना नदी, ना डोंगर, ना कुळाचार. तेच जपानी लोककथेत जन्मले असते तर? उडणारा हिरो म्हणजे तेंगू : पंख, लालभडक तोंड, हातभर नाक. अचाट ताकदीचा तो ओनी : शिंगं, वाघाचं कातडं, लोखंडी सोटा. रूप बदलणारी ती कित्सुने, नऊ शेपट्यांची कोल्हीण. आणि सगळ्यांचा म्होरक्या, पाण्यातला हिरो, काप्पा! पाठीवर कासवाचं कवच, तोंडाला चोच, टाळूवर खोलगट बशी. बशीत नदीचं पाणी आहे तोवर शक्ती आहे.
मात्र काप्पा अत्यंत सभ्य. समोरच्याने वाकून नमस्कार केला की तोही उलट वाकतो. पाणी सांडतं. शक्ती खलास.
हे सबंध सातारा जिल्ह्यात फक्त मला माहीत आहे. सांगलीत एखाद्याला असेल.

७ ऑगस्ट
तेंगू आणि कित्सुने कागदाच्या लगद्याचे. ओनी जिवंत : माझा मित्र ज्ञानू, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर, अंगाने कपाटाएवढा. काप्पाही जिवंत. काप्पा कोण, यावर फार विचार केला. बारकावे समजणारा माणूस पाहिजे. मीच.
बायकोने, राणीने, कंबरेची आठवण करून दिली. गेल्या साली सिलिंडर उचलताना धरली होती. तिला सांगितलं, तो सिलिंडरचा दोष.
संकल्प : उद्यापासून सकाळी कंबरेचे व्यायाम.

१२ ऑगस्ट
व्यायाम नाही. कवचाचं काम निघालं. कवचावर तेरा खवले येतात. विश्वजित म्हणाला, "बारा केलं तर कोण मोजतंय?" अशा माणसाशी बोलत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
नळाचं पाणी काप्पाला चालत नाही. एसटीने वाईला जाऊन घाटावरून कृष्णेचं पाणी आणलं. कॅन बघून कंडक्टर म्हणाला, "आवं, तीर्थ एवढं न्येताय, कुनी शिरेस हाय का घरात?" म्हटलं, बशीत घालायचंय, डोक्यावरच्या. पुढे साताऱ्यापर्यंत तो माझ्याकडे आला नाही.

२१ ऑगस्ट
तालीम. कथा माझी. ओनी गावात धिंगाणा घालतो, काप्पा आडवा येतो, ओनी शरण येऊन नमस्कार करतो, काप्पा उलट वाकतो, पाणी ओनीच्या पायावर पडतं आणि त्याचा राग शांत होतो. हा शेवट जपान्यांना सुचला नव्हता.
अडचण : ज्ञानू नमस्काराऐवजी सॅल्यूट ठोकतो. सॅल्यूटला काप्पा वाकतो, असा उल्लेख कुठेही नाही. मी वाकलो नाही. तो हात कपाळाला लावून उभा, मी ताठ उभा. राणीचा चहा गार झाला.
ज्ञानूने एक प्रश्न काढला : "आनि बगायला आल्येल्यानी नमस्कार केला, तर रं?" त्याला समजावलं, देखावा बघायला आलेला माणूस नमस्कार कशाला करेल?

२५ ऑगस्ट
विश्वजितशी वाद. त्याचं म्हणणं, काप्पा डावीकडे उभा राहू दे. माझं म्हणणं, म्होरक्या मधोमध पाहिजे. गणपतीच्या बरोब्बर पुढे, चार पायऱ्या खाली, फोकसखाली. कॉम्पोझिशन म्हणून काही असतं. शेवटी तो म्हणाला, "तुमी म्हनाल तसं."
व्यायाम गणपती बसल्यावर.

३१ ऑगस्ट, रविवार
उद्घाटन, संध्याकाळी सात. माझ्या आवाजातली कॉमेंट्री स्पीकरवर सुरू. पडदा बाजूला. पहिल्याच रांगेत आमच्या गल्लीतल्या धोंडुबाई. ऐंशीच्या पुढे. आल्या, पदर डोक्यावर घेतला आणि वाकून नमस्कार केला.
गणपतीला.
पण समोर मी.
विचाराला वेळ होता, संशयाला नव्हता. काप्पा वाकला नाही तर तो काप्पा नव्हे. वाकलो. कृष्णेचं पाणी थेट खालच्या स्पीकरमध्ये. कॉमेंट्री "जपान देशी..." इथेच संपली.
मागून त्यांची सून वाकली. मी वाकलो. मग तिची जाऊ. मग सगळी गल्ली. ज्ञानू सोटा उचलून आपल्या प्रवेशाची वाट बघत होता. त्याचा प्रवेश आला नाही.
धोंडुबाई पोरांना म्हणाल्या, "बगा जरा! कासव असून किती वळन हाय त्याला. न्हाईतर तुमी, पाया पडा म्हनलं की मोबाइलात मुंडी."
कासव!! तेरा खवले मोजून केले ते यासाठी?
एकंदरीत प्रतिसाद उत्तम.

१ सप्टेंबर, सोमवार
स्पीकर दुरुस्त होणार नाही. म्हणजे जपान, लोककथा, सुपरहिरो, कुणालाच काही कळत नाही. तेंगूच्या नाकाला कुणीतरी पिशवी अडकवली.
पण गर्दी! पोरांना शोध लागला की आपण वाकलो की कासव वाकतं. एक कार्टं बाहेर जाऊन पुन्हा रांगेत येतं. वाकतं. मी वाकतो. ते खिदळतं. कृष्णेचं पाणी संपलं. टँकरचं घेतलं. नदी हे तत्त्व आहे, ती टँकरमध्येही असू शकते.
ज्ञानू म्हणाला, "न वाकता नुसता हुबा ऱ्हा की गड्या. कोन तुला फासावर देतंय?" फौजेतल्या माणसाने तत्त्व सोडायला सांगावं, याचं वाईट वाटलं.
कंबर किंचित जाणवते. फोकसच्या उष्णतेने असावं.

३ सप्टेंबर, बुधवार
(राणीच्या हाताने लिहितोय. ती कंसात काही घालणार नाही, असं कबूल झालं आहे.)
परीक्षक आले. दोन गृहस्थ, एक मॅडम. राणीने सकाळी पट्टा बांधला होता, तो कवचात बसेना म्हणून काढला. तिघांनी चपला काढल्या, रांगेत उभे राहिले आणि एकदम वाकले. मी वाकलो. ते उठले.
मी उठलो नाही.
खालून दिसत होते ते तिघांच्या पायांचे अंगठे. मॅडम म्हणाल्या, "केवढा विनय!" मी कुजबुजलो, ज्ञानू. ज्ञानूला वाटलं, प्रवेश आला. तो गरजत आला, सोटा आपटला, मी काही उठत नाही हे बघून खाली बसला आणि म्हणाला, "बाळासो, धरली काय रं?" मग मला तशाच घडीत काखोटीला मारून मंडपाबाहेर घेऊन गेला. मागे टाळ्या.
शेवट बदलला, पण टाळ्या आल्या. हे नोंदवून ठेवणं गरजेचं.
(ते रडत होते.)

७ सप्टेंबर, रविवार
स्वतःच्या हाताने, पडल्या पडल्या. विसर्जन काल झालं. मी खिडकीतून ढोल ऐकले.
दुपारी विश्वजित पेढे घेऊन आला. बक्षीस आलंय! उत्तेजनार्थ. प्रमाणपत्रावर लिहिलंय, 'नमस्कार करणारे कासव : उत्कृष्ट संस्कार संदेश'. जपानचा ज नाही. पण बक्षीस म्हणजे बक्षीस.
विश्वजित म्हणाला, "काका, मी शब्द पाळनार. पुढच्या साली बी तुमीच."
डोळे भरून आले. पेढ्यात वेलची जास्त होती. ताबडतोब त्याला पुढचा विषय सांगायला घेतला : कित्सुनेच्या नऊ शेपट्या, प्रत्येक शेपटीचा वेगळा पराक्रम.
त्याने ऐकून घेतलं. मग दाढी खाजवत म्हणाला, "न्हाई म्हंजे काका, देखावा फलटणचाच घेतलाय. ॲडव्हान्स बी दिला. तुमी फकस्त गेटवर. कासव. येनाऱ्या-जानाऱ्याला वाकायचं. लोकं लय इचारत्यात."
त्याला स्पष्ट शब्दांत सांगितलं, ते कासव नाही, काप्पा आहे.
"व्हय व्हय, त्येच," म्हणाला.
मी हो म्हणालो.
राणीने आतून विचारलं, काय ठरलं. सांगितलं, मंडळाने मला कायम केलं. ती दारात येऊन बघत उभी राहिली. तिच्याकडे पाठ करावी म्हणून कुशीवर वळायला गेलो.
वळता आलं नाही.