वरच्या खोलीचं कारण

९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय चिमण्या,

अनेक आशीर्वाद. साठी आली तरी तू माझा चिमण्याच, तेव्हा सुनेसमोर हे पत्र मोठ्यानं वाचू नकोस.

आठवतं का, सुट्टीतल्या दुपारी आपण वरच्या खोलीत फरशीवर आडवे पडायचो? बंद खिडकीच्या फटीतून ऊन आत यायचं आणि रस्त्यावरची माणसं छतावर उलटी चालू लागायची. "ताई, ती पडत कशी नाहीत गं?" असं तू विचारायचास. मी कॉन्व्हेंटातली शहाणी. सिस्टरनं उजेडाबद्दल शिकवलेलं सगळं सांगत बसायची, आणि तू केव्हाच झोपलेला असायचास.

आता तिथं आपली भाडेकरू झोपते. शिक्षण संपलं तिचं. चष्म्याच्या दुकानात काचा घासते. संध्याकाळी येते तेव्हा बाह्यांवर पांढरी पूड असते. परवा तिनं माझा चष्मा पुसून दिला, तर समोरच्या झाडाला चक्क पानं होती!

तू तिच्यासाठी पाठवलेला थोड्या महिन्यांचा भाडेकरार मिळाला. 'तात्पुरत्या वास्तव्याचं कारण' यापुढे तू आधीच 'शिक्षण' असं टाइप करून ठेवलंयस. मी तो तिच्यापुढे ठेवला. तिनं लगेच पेन उघडलं.

"अगं, वाच तरी!"

"तुम्ही दिलाय ना मावशी, मग वाचायचं काय?"

"बरं, इथं खरं कारण काय लिहू?"

ती गोंधळली. "राहायला. आणखी काय कारण असतं?"

मी पेन काढून घेतलं.

वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, खोटं कारण कोर्टात टिकत नाही. पण कोर्टात जायला उसंत लागते, आणि मुदत संपताच जिचं सामान रस्त्यावर आलं, त्या पोरीला ती कुठून मिळणार? तुझा तोच हिशोब होता का रे? नको, उत्तर देऊ नकोस. रिकामं घर चांगलं विकलं जातं, एवढं मलाही कळतं.

इकडे हवा छान आहे. दुपारी फार झोप येते. जाग येते तेव्हा वर तिची पावलं वाजत असतात, आणि क्षणभर वाटतं, आई फिरतेय.

मी आहे तोवर तोंडी चाललं असतं. पण मागच्या खेपेला तू डॉक्टरांशी बाहेर जाऊन बोललास, आणि आत आल्यावर माझ्याकडे न बघता पडदा सारखा करत राहिलास. म्हणून काल तिला घेऊन गेले आणि कराराची नोंदणी करून आले. साधा, नेहमीचा भाडेकरार. मुदत लांबची, आणि 'तात्पुरता' हा शब्द कुठंच नाही. माझ्यामागे घर तुझं, पण करार तुलाही पाळावा लागेल. रागावशील. खुशाल रागाव, फक्त तिच्यावर नको. तुझ्या बेताचं तिला काही माहीत नाही.

आता नीट ऐक. आईचं शिवणयंत्र सुनेला. माझी पुस्तकं शाळेला. भिंतीवरचं घड्याळ तुला. किल्ली द्यायला विसरू नकोस. खालचं सगळं तुझं. वरची खोली तिची. वर जायचं झालंच, तर आधी दार वाजव.

अजून तरी इथंच असलेली,
तुझी ताई