रंधा मशीनची तीन पाती आणि माझा अर्धा वाटा

मी, खाली सही करणारी, वय शेहेचाळीस, शिक्षण भौतिकशास्त्राची पदवी, व्यवसाय सुतारकाम, सोमवारच्या ऑपरेशनआधी हे लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मी वैतागलेली आहे, पण पूर्ण शुद्धीवर आहे. दोन्ही एकाच वेळी असता येतं, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं आहे. याआधीचं मृत्युपत्र नाही. फाडलेले तीन मसुदे धरू नयेत.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक नवऱ्याला. स्वयंपाकघराची खिडकी घासते, ती मीच बसवली आहे आणि अकरा वर्षं "करते, करते" म्हणते आहे. त्याने ती दुसऱ्या सुताराकडून करून घ्यावी. मला वाईट वाटणार नाही. वाटलं असतं, पण मी नसेन.

२. माझ्या रोजनिश्यांच्या बावीस वह्या लेकीला. वाचायची सक्ती नाही. एका तारखेचं पान कोरं आहे, त्याचा खुलासा कलम चारमध्ये.

३. धार लावायची जिग, म्हणजे पाती ठरावीक कोनात धरून ठेवणारा साचा. आमच्या रंधा मशीनच्या फिरत्या दांड्यात तीन पाती असतात. बाहेर दिली की धारवाला तिन्हींचे तीन कोन करून आणायचा. तक्रार केली तर म्हणायचा, "बाई, लाकडाला काय कळतंय?" म्हणून मी घरीच जिग केली. कठीण लाकडाच्या ठोकळ्यात तीन तिरक्या खाचा, त्यांत पाती स्क्रूने कसायची आणि काचेवर चिकटवलेल्या पॉलिशपेपरवर ठोकळा घासायचा. तिन्हींना एकदम, सारखी धार. माझा थोरला भाऊ आणि कारखान्यातला निम्म्याचा भागीदार, दादा, हसायचा. "तायडे, पाती परीक्षेला बसवतेस का गं?" जिग त्यालाच.

४. कारखान्यातला माझा अर्धा वाटाही दादाला. सहा वर्षं तो तिथे फिरकलेला नाही, त्यामुळे कारण लिहिणं भाग आहे.

सहा वर्षांपूर्वी, त्या कोऱ्या पानाच्या दिवशी, धार लावून पाती मी बसवली. बसवल्यावर वर लाकडी पट्टी टेकवायची, दांडा हाताने फिरवायचा आणि तिन्हींची उंची तपासायची असते. मी तपासली नाही. जिगमधून सारखी निघालेली पाती सारखीच बसणार, असं मी धरून चालले. जिग फक्त धार सारखी करते. उंची बसवणाऱ्याच्या हातात असते. एक पातं वर राहिलं. दादाने पहिलीच फळी ढकलली, ती उसळली, आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली.

हॉस्पिटलात वहिनीने विचारलं, "झालं तरी कसं?"

मी म्हणाले, "तो पात्यांवरचं झाकण काढून ठेवतो ना."

ते खरं होतं, म्हणूनच सगळ्यांना पटलं. तेव्हापासून घरीदारी तो निष्काळजी आणि मी काटेकोर. सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत रोज सगळं लिहिणाऱ्या मला ते एक पान लिहिता आलं नाही.

५. वकील म्हणाले, "त्यांना वाटा नकोच असेल तर?" म्हणून काल मसुदा घेऊन मी दादाकडे गेले. त्याने कलम चार दोनदा वाचलं.

"एक पातं वर आहे, हे मला आवाजावरूनच कळलं होतं," तो म्हणाला.

"मग थांबला का नाहीस?"

"पाती तू बसवली होतीस. म्हटलं, माझेच कान गेले."

मी उगाच चिडून विचारलं, "आणि सहा वर्षं तोंड शिवलं होतंस?"

"तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. वाटा घेतो. पण हे तुझ्या वहिनीला वाचून दाखव. मी मेलेल्या माणसाचं पत्र तिला वाचून दाखवणार नाही."

त्याप्रमाणे आज सगळं मोठ्याने वाचलं. वहिनीने मध्ये थांबवलं नाही आणि नंतरही ती काही बोलली नाही. तिचं मौन ही माफी समजली जाऊ नये.

वरचा मजकूर माझा, अक्षर माझं, खाडाखोडही माझीच. दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

साक्षीदार : शेजारचा कुलूपवाला (सही)
साक्षीदार : वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई (सही)
स्थळ : दादाच्या घरची बाहेरची खोली
दिनांक : अठरा, शनिवार

ताजा कलम : वाटा नवऱ्याला जातो म्हणून साक्षीदार म्हणून वहिनीची सही कायद्याने चालत नाही, असं वकिलांनी तिला सांगितलं. तरी तिने पेन घेतलं, कलम चारमधल्या "झाकण काढून ठेवतो ना" या ओळीखाली रेघ मारली आणि कागद दादाच्या हातात दिला. ती रेघ खोडू नये.