सुवर्तन पदकाबाबत

२२ ऑगस्ट

प्रिय मॉनिटर,

तुझं पत्र पोचलं. मोतीबिंदू काढल्यापासून सगळं लख्ख दिसतं, तुझ्या शाळेच्या कागदावरचा सोनेरी शिक्कासुद्धा. गुडघे म्हणतात बस, डॉक्टर म्हणतो चाल. मी दोघांचंही ऐकत नाही. तू अजून शाळा समितीवर आहेस याचं नवल वाटलं नाही. पाचवीत वर्गाच्या किल्ल्या हातात आल्या, त्या तू सोडल्यास कधी?

बातम्या दोन दिल्यास. हस्तकलेचा तास बंद करून त्या जागी सराव परीक्षा घेणार. आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या नावाने सुवर्तन पदक सुरू करणार, 'आगीतही तिने शिस्त सोडली नाही' म्हणून. त्याला माझी परवानगी हवी.

तू धाकटीला ओळखतेस ती शाळेतली. त्याआधीची मला ठाऊक आहे. पाच वर्षांची असताना न्हाणीघराची कडी आतून अडकली. आई बाहेर रडतेय, बाबा सुतार आणायला धावलेत, आणि ही बया कंगव्याच्या दांड्याने कडी उचकटून बाहेर! वर आईलाच विचारते, "तू का रडतेस?"

मग ती आपल्या कॉन्व्हेंटात आली. तिसरीत एक गणित तिने स्वतःच्या डोक्याने सोडवलं. सिस्टरनी शेरा मारला, 'उत्तर बरोबर, रीत चुकीची', शून्य दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभं केलं. त्यानंतर समास किती सोडायचा तेही ती विचारून सोडायची. सुवर्तनाची रिबन दरवर्षी तिलाच. पन्नाशीतही हॉटेलात वेटरला विचारायची, "मी काय घेऊ?" आम्ही हसायचो.

पेपरात आलं की ती शेवटपर्यंत शांत होती. खरं आहे ते. तिने ऑफिसातून मला फोन केला होता. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

"ताई, खालच्या मजल्यावर आग लागलीये. जागेवर थांबायला सांगितलंय. सूचना येईल."

"अगं, खिडकी फोड!"

"ऑफिसची काच आहे ती. साहेबांना विचारायला हवं."

"खुर्ची घाल काचेवर!"

"ओरडू नकोस ना. सगळे ऐकतायत."

मग खोकला. मग काहीच नाही.

अग्निशमन दलाचा अधिकारी माझी नजर चुकवत म्हणाला, "खिडकीला गज नव्हते, बाई. शेजारची गच्ची पुरुषभरच खाली होती." तिच्यासोबत खोलीभर माणसं सूचनेची वाट बघत थांबली होती. सगळी शिकलेली.

तेव्हा परवानगी नाही.

आणि हस्तकलेचा तास म्हणजे 'मुलींचा वेळ वाया', असं लिहिताना तुझा हात कसा अडखळला नाही? पुठ्ठा, दोरी, मोडकी छत्री समोर टाकून 'यातून काय होतंय ते बघ' म्हणणारा अख्ख्या शाळेत तो एकच तास. बाकी सगळ्या तासांची उत्तरं आधीच ठरलेली. आग अभ्यासक्रम बघून लागत नाही, मॉनिटर.

हस्तकला बंद करायचा ठराव तू सही करून मंजूर केलास, तर बक्षीस समारंभाला मी येईन. गुडघे ओढत येईन, मंचावर चढेन आणि हा फोन मुलींना शब्दन्‌शब्द ऐकवेन. तू खाली बस म्हणालीस तरी बसणार नाही.

आता कुणाचीच ताई नसलेली,
मी