दसऱ्याआधीचा चाकू

बा, तू मेंढीला गुडघ्याखाली धरून तिच्या डाव्या कुशीत सुरी दाबतो आहेस आणि सुरी आत जात नाही. मी पाय धरलेत. कातडं इतकं ताणलंय की बोथट टोक त्यावरून घसरतं, लोकर तेवढी कापली जाते. कळप ओल्या सोयाबीनमध्ये शिरला होता. आपल्याला कळेपर्यंत पोटं फुगली होती. गोडंतेल पाजून झालं, तोंडात आडवी काडी बांधून चढावर चालवून झालं; आता कुशीत भोक पाडून पोटातली हवा सोडणं तेवढं उरलं होतं. डॉक्टर सेनगावला. जवळच्या गोरेगावातून जीप मिळून माणूस जाऊन येईपर्यंत सगळं संपणार होतं. ती मेंढी माझ्या हातात मेली. तू दुसरी ओढलीस.

सुरी घिसाड्यांकडची, भटक्या लोहारांकडची. कनेरगाव नाक्याला ढाब्यामागे त्यांची पालं पडली की तू ट्रकच्या मोडक्या स्प्रिंगपाट्याचा तुकडा घेऊन जायचास आणि समोर बसून ठोकून घ्यायचास. तिने आपण कांदा चिरायचो, खुरं तासायचो, काटेरी फांद्या तोडायचो. दगडावर घासली की पुन्हा धार यायची. टोक मात्र झिजून गेलं होतं.

नवा चाकू मायच्या गाठोड्यात होता. फौजेतल्या मामाने आणलेला, महागाचा; जाड चामड्याचं म्यान, पातं मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध. तू तो एकदा नखावर टेकवून पाहिलास आणि परत दिलास. नवं हत्यार दसऱ्याला पुजल्याशिवाय आपण जनावराला लावत नाही. दसरा आठवड्यावर होता.

माय म्हणाली, "मेंढरं मरून राहिली, अन् तुमी दसऱ्याची वाट पाहून राहिले?"

तू मान वर केली नाहीस. "बिनपुजलं लोखंड रगताला लागलं तर कळप न्हाई राहत."

"आता कोणता राहून राहिला?"

तू हातातली सुरी खाली टाकलीस. मग चाकू मागितलास. कमरेच्या पिशवीतला भंडारा पात्याला लावलास. आपट्याचं पान कुठून आणणार, सोयाबीनचंच तोडून वर ठेवलंस. म्हणालास, "झाला दसरा."

एका दाबात पातं आत गेलं. हवा सुटली, आंबट वास आला, मेंढी पाय झाडून उठली. तू पुढची ओढलीस. काही उठल्या. जास्त उठल्या नाहीत, त्यांची वेळ पहिल्या सुरीत गेली होती.

गेल्या आठवड्यात मी शिकवते त्या कॉलेजातल्या मुलींबरोबर दुकानात गेले. त्या डोंगरात आठ-दहा दिवस राहायला निघाल्यात. दुकानदाराने दोन चाकू समोर ठेवले. स्वस्त दगा देतो, महाग जीव वाचवतो, असं त्याचं म्हणणं. मुलींनी मला विचारलं, मॅडम खेड्यातल्या, त्यांना कळेल म्हणून. मी दोन्ही नखावर टेकवून पाहिले आणि परत ठेवले. महागडा आत गेला हे मी पाहिलंय. पण तो गाठोड्यात होता म्हणून त्याचं टोक शाबूत होतं. वर्षभर त्याने खुरं तासली असती तर? घिसाड्याकडून सुरीला नुसतं टोक काढून आणलं असतं तर किती वाचल्या असत्या? इतकी वर्षं मी हेच फिरवून फिरवून विचारते आहे आणि ज्याला विचारायचं तो तू आता नाहीस.

एक तुला कधी सांगितलं नाही. अंधार पडल्यावर तू मेलेल्या मेंढरांत बसून होतास, चाकू मांडीवर. मी भाकर आणली तर म्हणालास, "तुमी खा, पोरी. मला आता काय करायचं खाऊन." तुझा डोळा लागल्यावर मी चाकू काढून घेतला आणि अंगाखाली ठेवून पडले. मला भीती मेलेल्या मेंढरांची नव्हती, तुझ्यासाठी होती. हे मायलाही कधी सांगितलं नाही, आणि हा कागदही कुठे जाणार नाही.

सकाळी तू चाकू मागितलास. मेलेल्यांची कातडी काढायची होती. मी दिला.