सर, तेवढं सांगायचं होतंत

प्रिय सर,

काल तुमची शोकसभा झाली. "सरांचं संशोधन प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या उपयोगाचं होतं," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठून बाहेर आले. तिथं बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून लिहितेय.

कमी वेळात, कमी खर्चात काम कसं बसवायचं, ही ऑपरेशन्स रिसर्चवाल्यांची गणितं कागदावरच का राहतात, हाच तुमचा विषय ना? दूध संघात मी गाड्यांचे नवे मार्ग आखत होते, तेव्हा तुम्ही अभ्यासाला आलात. केवढा आनंद झाला होता मला! हे गणित तुमच्याकडेच शिकले होते मी. पन्हाळ्याकडच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून तुम्ही फिरलात. तुमच्याशी ती माणसं मोकळं बोलायची. माझ्याशी नाही, मी ऑफिसची.

मार्ग सुरू करण्याआधी मी विचारलं होतं, "सर, काही चुकतंय का?"

"मी फक्त बघणारा. बोललो तर अभ्यास बिघडेल," म्हणालात. हसलातही.

ड्रायव्हर जुन्याच वाटेनं जात राहिले. विचारलं की "रस्ता खराब हाय, मॅडम" एवढंच उत्तर. शेवटी योजना गुंडाळली आणि मला घरी बसवलं.

खरं कारण कळलं ते पुढे एका परिषदेत, तुमच्या भाषणात! कोल्हापुरात शिकणाऱ्या पोरांचे डबे गावाकडून त्याच दुधाच्या गाडीतून यायचे. खासगी सामानाला बंदी, म्हणून मला कोण सांगणार? नव्या मार्गानं दूध शहराबाहेरच उतरणार होतं. तुम्ही ड्रायव्हरची नक्कल केलीत, "आवो पावणं, दुधाचं गणित बसलं, पोरं उपाशी ऱ्हायची की!" सभागृह हसलं. मी मागच्या रांगेत होते, सर. माझं नाव न घेता 'एक तज्ज्ञ' म्हणालात, ती काय दया होती?

चहा पिताना एवढं सांगितलं असतंत, तर एक थांबा वाढवला असता मी!

तुमचा राग येतो. तुम्ही गेलात तरी येतो, आणि त्याचंच रडू येतं.

आता मी दुसऱ्या संघात मार्ग आखते. आज तुमची शेवटची विद्यार्थिनी आली होती, तुमचा अपुरा अभ्यास पुरा करायला. मी म्हटलं, "गाडीत बस, सगळ्यांशी बोल. कुणाचं नाव सांगू नकोस, पण अडचण कळली की त्याच दिवशी मला सांगायची." ती विचार करून कळवणार आहे.

हो म्हणाली, तर तिला हवं ते सगळं देईन, हा माझा शब्द. नाही म्हणाली, तर तुमचा अभ्यास अपुरा राहील सर, आणि मी तो राहू देईन.

तुमचीच विद्यार्थिनी,
वैशाली