काटा कुणाचा खरा

४ सप्टेंबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

इथल्या विद्यापीठात पोचून तीन आठवडे झाले. खोली चौथ्या मजल्यावर, पलंग भिंतीत घडी करून ठेवायचा, आणि शेगडी म्हणजे काचेचा एक काळा चौकोन. भांडं ठेवल्याशिवाय तो तापतच नाही. पहिल्या दिवशी मी त्यावर हात ठेवून तापायची वाट बघत बसले होते. आईला सांगू नका. रस्ते आता पायाखालचे झालेत, भाजीवाली ओळखून हसते. एवढं सुखाचं.

आता रडगाणं. विटांच्या तुकड्यांच्या ज्या पाच सीलबंद काचनळ्या मी सोबत आणल्या, त्यांची वजनं इथल्या वजनाच्या यंत्रावर आपल्या कॉलेजच्या काट्याशी जुळत नाहीत. बंद नळीत घट-वाढ व्हायचं काही कारणच नाही. इथल्या प्राध्यापकबाई बोलायला फार गोड, पण म्हणाल्या ते असं, की चूक तुमच्या जुन्या काट्यातच असणार. तसं असेल तर प्रबंधातले तीन वर्षांचे आकडे टाकून नव्याने सुरुवात करा. महिनाअखेर त्या काय ते ठरवतील. तो काटा तुम्ही दुरुस्त केला होता, म्हणून तुम्हालाच विचारते. काही चुकलं असेल का हो? रागावू नका.

आशीर्वाद आहेतच, ते असेच राहोत.
तुमची,
भिंगरी

१५ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून डोक्यात तिडीकच गेली. सदतीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. सराफ झाले, औषधवाले झाले, बोट दाखवायची कुणाची छाती झाली नाही. आणि घरचीच पोर विचारते, चुकलं असेल का! माझा काटा खरा आहे. बाईंना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग.

बरं, राग झाला, आता कामाचं. एवढं पानभर लिहिलंस, पण वजन किती वाजता करतेस ते लिहिलं नाहीस. यंत्र महागाचं म्हणून त्याच्या पाया पडू नकोस. एकच नळी घे. सकाळी दहा वेळा तोल, दुपारी दहा वेळा तोल. आधी त्याचं स्वतःशी पटतंय का बघ, मग त्याला माझ्याशी भांडायला पाठव.

आई सांगते, त्या शेगडीवर पुन्हा हात ठेवू नकोस. पत्र तिनेच आधी फोडलं, मी काय करू?

पोटभर जेव, लोभ आहेच.
बाबा

३० सप्टेंबर

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार, आणि आज खरोखरीचा साष्टांग!

जुळले! पाचही नळ्यांचे आकडे जुळले! मी पाहुणी, म्हणून मला यंत्र मिळतं ते उरल्यासुरल्या वेळात, तीन ते पाच. बाकी सगळे सकाळी काम उरकतात. सकाळची वेळ मागायची या विचारानेच माझी पाचावर धारण बसली; इतके दिवस इथे हो, नाही आणि आभार यांपलीकडे तोंड उघडलं नव्हतं. शेवटी एका दाढीवाल्या सहकाऱ्याला गाठलं आणि त्याचा एक तास मागितला. त्याने दिला, वर स्वतःही बघत उभा राहिला. सकाळी दहाही वेळा आकडा तोच, आपल्या काट्याचा! दुपारी मात्र दर वेळी निराळा. खिडकी पश्चिमेची आहे. तीन वाजले की ऊन थेट यंत्राच्या कुशीवर येतं, ते तापतं आणि आकडा हलतो. सकाळी मोजणाऱ्यांना ते कधी दिसलंच नव्हतं.

मग बाई स्वतः सकाळी आणि दुपारी येऊन बसल्या. नंतर सगळ्यांना बोलावून म्हणाल्या, की चूक आमची होती, हिचे तीन वर्षांचे आकडे जसेच्या तसे प्रबंधात जातील. यंत्र दुसऱ्या भिंतीशी हलवलं. वर त्यांनी कपाटातून स्वतःचा एक जुना काटा काढला आणि विचारलं, तुमच्या बाबांना हा दाखवता येईल का? त्याचे जवळून काढलेले फोटो सोबत जोडलेत.

बाबा, मी फार फार आनंदात आहे. आईला हे पत्र खुशाल आधी वाचू द्या.
तुमचीच,
भिंगरी

११ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

शाब्बास गं माझी वाघीण! पत्र मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. शेजारचा शिंपी म्हणाला, पुरे आता, पाठ झालं. जळका मेला! बाईंच्या काट्याची दांडी ज्या धारेवर झुलते ती धार झिजली आहे. काय करायचं ते वेगळ्या कागदावर लिहिलंय.

आता एक सांगतो, ते आईलाही ठाऊक नाही. हे पत्र मी स्वतःच्या हाताने पेटीत टाकणार आहे. तुमच्या कॉलेजचा काटा दुरुस्त केला, तेव्हा माझा उजवा हात पहिल्यांदा थरथरला होता. तेव्हापासून कापतो. तुझं पहिलं पत्र वाचलं. वाटलं, या हातापायी पोरीची तीन वर्षं पाण्यात गेली. उत्तर लिहायच्या आधी मी कॉलेजात गेलो, शिपायाकडून खोली उघडून घेतली आणि प्रमाणाची वजनं एकेक करून पारड्यात टाकून पाहिली. सगळी बरोबर आली. मी तिथेच फरशीवर बसलो आणि पोरासारखा रडलो. मग घरी येऊन तुला ते रागाचं पत्र लिहिलं. पण बाईंचं यंत्रही बरोबरच निघालं असतं तर, ही धाकधूक काल तुझं पत्र येईपर्यंत होती.

महिनाअखेर दुकान बंद करायचं मनाशी ठरवलं होतं. आता नाही करत. हात अजून कापतो. कापेना का! काम चोख करतो.

तुझा,
बाबा